तिथी आहे, साल नाही

मामीच्या थडग्यावरच्या पाटीचे मामांनी वर्षभरात चार मसुदे केले आणि चारही फाडले. वसईला आमच्या चर्चच्या दफनभूमीत तिची जागा तोवर नुसत्या लाकडी क्रुसावर चालली होती. मुलांनी इंग्रजीत एक वचन निवडलं, सुनेने फोटोसकट डिझाइन पाठवलं. मामांनी चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. प्रत्येक मसुदा लाल पेनाच्या खुणा घेऊन परत जायचा. "पाटी आहे की बायोडेटा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

इजिप्तला आम्ही त्यासाठी गेलो नव्हतो, हे आधीच सांगते. मी जाणार होते, मामा घरात एकटे होते, मामेभाऊ म्हणाला घेऊन जा. पण निघायच्या आदल्या रात्री मामांच्या बॅगेत एक दोनशे पानी वही दिसली. इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या, म्हणजे कॉप्ट लोकांच्या, जुन्या थडग्यांवरचा मजकूर त्यांनी कुठून कुठून उतरवून त्यात भाषांतर करून ठेवला होता. मग पिरॅमिड मागे पडले आणि सहल थडग्यांची झाली.

दिवस पहिला, २१ नोव्हेंबर: कैरो

पोहोचेस्तोवर संध्याकाळ. हवा आपल्या जानेवारीसारखी, मामांनी लगेच मफलर काढला. कोशरी खाल्ली: भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोची आंबट चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. "उरलंसुरलं सगळं एकत्र केलंय," असं म्हणत मामांनी दुसरी वाटी मागवली.

दिवस दुसरा: जुनं कैरो

मेट्रोची पहिली लाइन पकडून मार गिर्गिस स्टेशनला उतरायचं. मार गिर्गिस म्हणजे आपला संत जॉर्ज. स्टेशनच्या समोरच रोमन किल्ल्याचे बुरूज, आणि त्या किल्ल्यातच कॉप्टिक म्युझियम. मार्कुस सिमैका यांनी ते १९०८ साली उभं केलं. गिझाजवळचं नवं भव्य म्युझियम १ नोव्हेंबर २०२५ ला रीतसर उघडल्यामुळे सगळी दुनिया तिकडे लोटली होती. इकडे आम्ही दोघं, दोन फ्रेंच बायका आणि बागेतलं एक मांजर.

थडग्यांचे दगड बहुतेक चुनखडीचे. बरेचसे आपल्या स्वयंपाकघरातल्या पाटाएवढे. वर देवळाच्या दर्शनी भागासारखी कमान, दोन खांब, कुठे मोर, कुठे कबुतर, मध्ये क्रूस. काही क्रुसांच्या डोक्यावर गोल कडी असते. ते फेरोंच्या, म्हणजे इजिप्तच्या जुन्या राजांच्या, काळातलं जीवनाचं चिन्ह, यांनी ते उचलून क्रूस म्हणून वापरलं. काही दगडांवर दोन्ही हात वर करून उभी असलेली व्यक्ती, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर करतात तशी. नाईलच्या मुखाकडच्या कोम अबू बिल्लो इथल्या दगडांवर अशा हात वर केलेल्या आकृतीच्या शेजारी कोल्हेही बसलेले दिसतात. कोल्हा हे जुन्या मृत्युदेवाचं रूप. त्या काळात कोण कुठल्या देवाचा, हे दगडावरून नेहमी कळत नाही.

खाली मजकूर. ग्रीक लिपीतली अक्षरं, शिवाय ग्रीकला न जमणाऱ्या इजिप्शियन उच्चारांसाठी जुन्या देशी लिपीतून घेतलेली सहा-सात. शब्दांमध्ये जागाच सोडलेली नाही, सगळं एका दमात, आपल्या मोडीसारखं. मामा वही उघडून एकेक अक्षर जुळवत होते तेवढ्यात मागून आवाज आला. विशीतली एक मुलगी. चर्चमध्ये रविवारी लहान मुलांना कॉप्टिक अक्षरं शिकवते, मुलांना इथे आणायचंय म्हणून आधी पाहून जायला आली होती. तिने दगडापासून वीतभर अंतरावर बोट फिरवत ओळ घडाघडा वाचून दाखवली.

"अर्थ?" मामांनी विचारलं.

ती हसली. "अर्धा. उच्चार सगळे येतात."

मामा खूश. लहानपणी ते चर्चमध्ये लॅटिन मिस्साला सेवा करायचे, तेव्हा त्यांचीही हीच गत होती. कॉप्टिक आता घरात कोणी बोलत नाही, सगळे अरबी बोलतात. ती जिवंत आहे ती उपासनेत. शिवाय आजची उपासना उत्तरेकडच्या बोलीत चालते आणि दगडांवरची भाषा बहुतेक दक्षिणेकडची. दोघांनी मिळून जे लावलं ते असं. सुरुवातीला पुष्कळदा 'एक देव, साहाय्य करणारा'. मग नाव. मग 'अफ्म्तोन म्मोफ'. बाई असेल तर 'अस्म्तोन म्मोस'.

त्या मुलीने इंग्रजीत सांगितलं, याचा अर्थ 'त्याने विश्रांती घेतली'. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग मला म्हणाले, "मेला नाही, वारला नाही. विसावला. आपल्याकडेही लिहितात की."

मग तारीख. इथे मात्र आम्ही दोघंही अडखळलो. महिना आहे, दिवस आहे, सालाच्या जागी 'नववं इंडिक्शन' किंवा 'तिसरं इंडिक्शन' असं काहीतरी. इंडिक्शन म्हणजे रोमन करवसुलीचं पंधरा वर्षांचं चक्र. पंधरा झाली की पुन्हा पहिलं. चक्र कितवं, ते कुणी लिहीत नाही. म्हणजे 'नववं' हे कुठल्याही शतकातलं नववं असू शकतं, आणि दगड कधीचा हे ठरवताना अभ्यासकांना घाम फुटतो. काही दगडांवर मात्र नीट साल असतं, डायोक्लेशियन या रोमन बादशहापासून मोजलेलं. तो २८४ साली गादीवर आला आणि ३०३ पासून त्याने ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला. मोजणी त्याच्या नावाने चालू राहिली, पुढे लोकांनी तिलाच हुतात्म्यांचा शक म्हणायला सुरुवात केली. तो अजून चालू आहे. तिकीटखिडकीशेजारच्या दिनदर्शिकेवर १७४२ छापलेलं होतं. आपला शके १९४७, त्यांचा १७४२. मामांनी दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले.

"पण साल का नाही?" मी म्हटलं. "दगड कोरायचा, एवढा खर्च करायचा, आणि साल गाळायचं?"

"बाय, तुझ्या आजीचं साल सांग."

मला आठवेना. तारीख आठवली. दरवर्षी त्या दिवशी घरात सगळे जमतात, मिस्सा असते.

"मग?" मामा म्हणाले. "दगड इतिहासासाठी नाही. तिथी चुकू नये म्हणून आहे. तिथी आहे, साल नाही."

या दगडांवर जन्मतारीख जवळजवळ नसतेच. काहींवर धंदा किंवा मठातलं काम येतं, मुलंबाळं कधीमधी. मजकुराचा भार सगळा मागण्यावर: याच्या जिवावर दया कर, याला अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या उराशी विसावा दे, माझ्यासाठी प्रार्थना करा. वाचणाऱ्याला काम लावलेलं असतं. ग्रीकमधल्या दगडांवर एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: दुःख करू नको, या जगात अमर कोणी नाही. कोरड्या आवाजात सांत्वन करणारे काका प्रत्येक घरात असतात, तसं हे वाक्य.

शेवटी कोपऱ्यात दोन अक्षरं दिसली. ग्रीक अक्षरांना आकड्यांची किंमत असते, त्या हिशेबाने ही दोन मिळून नव्व्याण्णव. त्या मुलीने बोटांवर मांडून दाखवलं: 'आमेन' शब्दातली अक्षरं म्हणजे १, ४०, ८ आणि ५०. बेरीज करा. आमेन लिहायचं तर चार अक्षरं कोरायची, ९९ लिहायचं तर दोन. पाथरवटाचे कष्ट वाचले आणि देवाला कळायचं ते कळलं. मामा त्या कोपऱ्याशी वाकून इतका वेळ हसत होते की रखवालदार बघायला आला.

वरच्या मजल्यावर स्तोत्रांचं एक पुस्तक आहे, चौथ्या शतकातलं, लाकडी पुठ्ठ्याचं. १९८४ साली अल-मुदिल इथल्या साध्याशा कबरस्तानात ते सापडलं, एका लहान मुलीच्या डोक्याखाली उशीसारखं ठेवलेलं. आम्ही त्या काचेपाशी फारसं बोललो नाही.

जाणाऱ्यांसाठी: म्युझियमला सकाळी लवकर जा आणि किमान तीन तास ठेवा. सरकारी ठिकाणी तिकीट कार्डानेच घ्यावं लागतं, रोख घेत नाहीत. दगडांखालच्या चिठ्ठ्यांवर 'चुनखडी, सातवं शतक' यापलीकडे फारसं नसतं, तेव्हा घरून थोडं वाचून निघा. शेजारीच किल्ल्याच्या दरवाजावर बांधलेलं 'लटकतं' चर्च आहे आणि अबू सेर्गाचं चर्चही. चर्चना तिकीट नाही.

दिवस तिसरा: सक्कारा

टॅक्सीवाल्याला मामांनी अपा यिर्मयाचा मठ दाखवायला सांगितला. अपा म्हणजे बाप, साधूंना असं म्हणत. तो म्हणाला तिथे काही नाही. त्याचं बरोबर होतं. पायऱ्यांच्या पिरॅमिडच्या आग्नेयेला वाळूत भिंतींचे बुंधे, तुटके खांब, एक कुत्रं. १९०६ ते १९१० या काळात क्विबेल या ब्रिटिश संशोधकाने इथे खोदकाम केलं आणि जे उचलण्याजोगं होतं ते आदल्या दिवशी आम्ही पाहिलेल्या म्युझियममध्ये गेलं, पायऱ्यांचं दगडी प्रवचनपीठसुद्धा. वारा असा सुटला होता की वहीची पानं धरायला मला बसावं लागलं.

त्या वाऱ्यात मामांनी वहीतून इथल्या दगडांवरची नावांची माळ मोठ्याने वाचली. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मायकल, गॅब्रिएल. आमची आई मारिया. आमचा बाप आदाम. आमची आई झोई, म्हणजे हव्वा. झोई म्हणजे जीवन. अपा यिर्मया. अपा हनोख. अम्मा सिबिला. आणि मग, आमच्या अमुक भावाची आठवण ठेवा.

"लितानी!" मी म्हणाले. आमच्याकडे नोव्हेंबरात दफनभूमीत संतांची नावं घेतात आणि प्रत्येक नावामागून सगळे म्हणतात, 'आमच्यासाठी विनंती कर'. चाल तीच.

हनोख या यादीत का, ते मामांनी सांगितलं. कॉप्टिक परंपरेत तो स्वर्गातला लेखनिक, माणसांची पापपुण्यं लिहून ठेवणारा. म्हणजे चित्रगुप्तच. मेल्यावर ज्याच्या वहीपुढे उभं राहायचं त्याचं नाव दगडावर आधीच घालून ठेवायचं, यात व्यवहारही आहे. सिबिला ही कॉप्टिक परंपरेत त्याची बहीण.

याहून गंमत पुढची. दक्षिणेला बावीत नावाचा मठ होता. तिथल्या दगडांवर यिर्मया-हनोख-सिबिला नाहीत. तिथे अपोलो, फिब आणि अनूप हे तिघे. त्यामुळे चोरबाजारातून फिरत फिरत एखादा दगड कुठल्या परदेशी म्युझियमात पोहोचला, तरी संतांची यादी वाचून तो मूळचा कुठला हे बरंचसं सांगता येतं. आपल्याकडे कुलदैवत सांगा, गाव सांगतो, म्हणतात तसं. मोठे संत सगळ्यांचे. पण मरताना माणूस आपल्या वाडीतल्या संताला आधी हाक मारतो.

संध्याकाळी अलेक्झांड्रियाकडे निघालो.

दिवस चौथा, २४ नोव्हेंबर: मार मीना

ही तारीख योगायोगाने गाठली नव्हती. कॉप्टिक पंचांगात हा हाथोर महिन्याचा १५वा, संत मीनाचा दिवस. हाथोर ही गायीच्या रूपातली जुनी देवी. तिच्या नावाच्या महिन्यात ख्रिस्ती हुतात्म्याची जत्रा भरते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, हे मला फार आवडलं.

मीना रोमन सैन्यातला शिपाई, श्रद्धेसाठी मारला गेला. त्याचं शरीर उंटावरून नेत होते, एका जागी उंट बसला तो उठेचना. मामा म्हणाले, "आपल्याकडे पालखी जड होते." तिथेच त्याला पुरलं. अलेक्झांड्रियाच्या नैऋत्येला सुमारे ४५ किलोमीटरवर, पाचव्या-सहाव्या शतकात त्या थडग्याभोवती मोठं तीर्थक्षेत्र उभं राहिलं: बॅसिलिका, स्नानगृहं, यात्रेकरूंच्या खोल्या. लोक इथून मातीच्या चपट्या कुप्या घरी न्यायचे. कुपीवर हात पसरलेला मीना, दोन बाजूंना दोन उंट. अशा कुप्या थेट इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत सापडल्या आहेत. १९०५ मध्ये काउफमान या जर्मन संशोधकाने ही जागा वाळूतून शोधून काढली. १९७९ साली जागतिक वारसा यादीत नाव गेलं. पुढे आजूबाजूला शेतीसाठी पाणी आलं, जमिनीखालची पातळी वाढली, माती मऊ झाली आणि इमारती खचू लागल्या. २००१ साली जागा धोक्यातल्या यादीत गेली. पाणी उपसण्याची सोय झाल्यावर २०२५ च्या जुलैत ती त्या यादीतून बाहेर आली. अवशेष आम्ही तासाभरात पाहिले. गर्दी होती ती शेजारच्या नव्या मठात.

नवा मठ १९५९ साली कॉप्टिक चर्चचे पोप किरिल्लोस सहावे यांनी सुरू केला. ते मीनाचे मोठे भक्त. तरुणपणी कैरोजवळच्या मोकत्तम डोंगरावर एका पडक्या पवनचक्कीत एकांतात राहायचे. १९७१ साली ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे पुढच्या वर्षी त्यांना इथे आणलं, आणि २०१३ साली चर्चने त्यांना संत म्हणून मान्य केलं. पण लोक त्यासाठी थांबले होते थोडेच!

सकाळी आठला आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. बसेस भरभरून घरंच्या घरं आली होती, सोबत स्टोव्ह, चटया, डबे. दुसऱ्या दिवसापासून नाताळचा उपास सुरू व्हायचा होता, त्रेचाळीस दिवस मांस, दूध, अंडी बंद. त्यामुळे आज जो तो कोंबडी खात होता. "गटारी," मामा म्हणाले. शेजारच्या चटईवरच्या आजींनी आम्हाला काही न विचारता दोन तंगड्या दिल्या. भारतीय असून आम्ही ख्रिस्ती, हे कळल्यावर त्यांनी मामांची मनगटं उलटसुलट करून पाहिली. इथे बहुतेकांच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला छोटा क्रूस गोंदलेला असतो. मामांचं मनगट कोरं निघालं, आजींना वाईट वाटलं.

चर्चमध्ये संतांचे अवशेष लाल मखमलीने मढवलेल्या, जरीने नाव विणलेल्या लांबट नळ्यांत असतात. साधू तोंडाने 'अक्सिओस, अक्सिओस' असा गजर करत होते. म्हणजे योग्य आहे, योग्य आहे. संताच्या दिवशी या नळ्यांना अत्तर आणि सुगंधी मसाल्यांची पूड चोळतात. तिला हनूत म्हणतात. मग ती पूड पुड्या बांधून वाटतात. बायकांनी हुलहुल केली, पोरं खांद्यावर चढली. मी हात लावला आणि हाताला दालचिनीसारखा वास आला, तो कैरोला पोहोचेपर्यंत गेला नाही. एका बाईने ती पूड पोराच्या कपाळाला लावली आणि उरलेली रुमालाच्या गाठीत बांधली. अंगारा म्हटलं तर वसईतही समजेल, जेजुरीतही.

प्रभुभोजन मात्र आम्हाला मिळालं नाही. आम्ही कॅथलिक, ते ऑर्थोडॉक्स, आणि ४५१ सालच्या काल्सेदोनच्या परिषदेतलं, ख्रिस्ताच्या स्वरूपावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. मामा रांगेतून बाजूला झाले, थोडे हिरमुसले. पण बाहेर पडताना दारात अबूनांनी, म्हणजे तिथल्या फादरांनी, गोल पाव हातात ठेवला. तो सगळ्यांना मिळतो. त्यावर मधोमध क्रूस आणि भोवती ग्रीकमध्ये पवित्र देव, पवित्र बलवान, पवित्र अमर अशी अक्षरं उठवलेली. "पावावरही शिलालेख," मामा म्हणाले आणि अमर हा शब्द सोडून बाकीचा खाल्ला. तो तुकडा त्यांनी वहीत ठेवला. वहीला मुंग्या लागल्या ती गोष्ट वेगळी.

तळघरात किरिल्लोस यांची कबर. संगमरवरावर चिठ्ठ्यांचा ढीग. परीक्षा, नोकरी, मूल होऊ दे, अमुकचं ऑपरेशन. लोक उभ्याउभ्या भिंतीला कागद टेकवून लिहीत होते. मामांनी वहीचं पान फाडलं, मामीचं नाव देवनागरीत लिहिलं, आणि थांबले. शेजारी एक तरुण साधू रांग सांभाळत होते, इंग्रजी चांगलं. मामांनी त्यांना विचारलं, १९ डिसेंबर म्हणजे तुमची तिथी कोणती?

त्यांनी डोळे मिटून मोजलं. "१० कियाक." मग म्हणाले, "चांगला महिना. कियाकात आम्ही रात्र रात्र मारियेची स्तोत्रं गातो."

मामांनी नावाखाली लिहिलं: १० कियाक. पुढे काही नाही. घडी घातली आणि ढिगात सारली.

साधूंनी विचारलं, तुमच्या गावात संत आहे का? मामांची छाती फुगली. वसईचा गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला क्रुसावर भाल्यांनी मारलं, १८६२ साली संतपद मिळालं. साधूंनी दोनदा नाव म्हणून पाहिलं. "गोन्सालो." मग विचारलं, त्याची तिथी आमच्या पंचांगात कुठली येते, मोजू का? आणि मोजूही लागले. मामांना त्यांचा पत्ता हवा होता, पण मागची रांग कुरकुरायला लागली.

जाणाऱ्यांसाठी: सणाच्या दिवशी पहाटेच पोहोचा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चप्पल काढायची जागा आली की काढा, बाकीच्यांकडे पाहून कळतं. फोटो विचारून. आणि परतीची गाडी आधी ठरवून ठेवा.

दिवस पाचवा: वादी नत्रून

कैरोला परतताना वाळवंटातल्या रस्त्यावर हे मठ लागतात. चार चालू आहेत, चौथ्या शतकापासून या खोऱ्यात साधू राहत आले आहेत. पहिल्या मठाच्या दारात आम्ही पाऊण तास उभे राहिलो. उपास सुरू झालाय, पाहुणे बंद. चूक आमची, फोन करायला हवा होता. उपासाच्या दिवसांत असं होतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

अंबा बिशोयचा मठ उघडा होता. पोप शेनूदा तिसरे यांची कबर इथेच, २०१२ पासून. संत बिशोयची गोष्ट सांगताना अबूना रंगात आले: रात्रभर प्रार्थनेत डुलकी लागू नये म्हणून हा माणूस केस छताच्या दोरीला बांधायचा. मामा म्हणाले, "दहावीची पोरं."

शेजारी सुरियानी मठ. तिथे एक जुनं चिंचेचं झाड आहे. संत एफ्रेमने आपली काठी जमिनीत रोवली आणि तिला पालवी फुटली, तेच हे, असं सांगतात. अरबीत चिंचेला तमर हिंदी म्हणतात, हिंदुस्थानचा खजूर. मामांनी बुंध्यावर हात ठेवला आणि मठात राहणाऱ्या अबूनांना सांगितलं की हे झाड आमच्या गावचं आहे. अबूनांनी मान डोलावली. अशी भाविक माणसं रोज येत असणार.

दुपारी रस्त्यावरच्या टपरीत फूल, म्हणजे शिजवून घोटलेल्या पावट्यासारख्या दाण्यांची उसळ, तेल-जिरं-लिंबू घालून, आणि ताआमिया म्हणजे त्याच दाण्यांचे हिरवट वडे. शाकाहारी माणसाने 'सियामी' एवढा एक शब्द पाठ करावा. उपासाचं, म्हणजे अंडं-दूध-मांस काही नाही. मात्र या उपासात बुधवार-शुक्रवार सोडून मासे चालतात, तेव्हा तेवढं विचारून घ्या. मामांना ही सवलत कळल्यावर त्यांचा कॉप्टिक चर्चबद्दलचा आदर आणखी वाढला.

सहाव्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मामांचं पोट.

दिवस सातवा: लक्सर

राजांच्या खोऱ्यात एका तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. सगळे सल्ला देतात तो रंगीत थडग्यांचा. मामांनी पहिलंच निवडलं रामसेस चौथ्याचं, क्रमांक दोन. फेरोंच्या नंतर दीड हजार वर्षांनी या आयत्या गुहांमध्ये साधू राहायला आले. आत शिरताना उजव्या हाताच्या भिंतीवर, फेरोच्या कोरीव चित्रलिपीवरच, रेखाटलेला एक माणूस आहे. डोक्याभोवती तेजोवलय, दोन्ही हात वर. शेजारी नाव: अपा अम्मोनिओस, हुतात्मा. थोडं पुढे आणखी क्रूस, आणखी नावं.

गर्दी आमच्या बाजूने छताचे फोटो काढत पुढे सरकत होती. मामा तिथेच उभे. चित्र काही फार चांगलं नाही, शाळकरी पोराने काढावं तसं. पण ते काढणाऱ्याला झोपायला गुहा मिळाली होती आणि भिंतीवर अनोळखी देवांची रांग उभी होती. त्यात त्याने ओळखीचा एक माणूस उभा केला.

नंतर हातशेपसूतच्या मंदिराकडे गेलो. त्या जागेला देर अल-बहरी म्हणतात, म्हणजे उत्तरेकडचा मठ. मंदिरात संत फोइबामोनचा मठ होता. उत्खनन करणाऱ्यांनी मंदिर मोकळं करताना तो काढून टाकला, नाव राहिलं. ऊन कडक होतं, मामा सावलीत बसून वहीत काहीतरी खोडत होते. मी पाहायला गेले तर त्यांनी पान झाकलं.

लक्सरला सकाळी सहाला खोऱ्यात पोहोचा, दहानंतर बसेस येतात. पाणी जवळ ठेवा. नाईल ओलांडायला साधी होडी पुरते, चढण्याआधी भाडं ठरवा.

घरी

३ डिसेंबरला मामांनी पाथरवटाला कागद दिला. चार ओळी, मराठीत. मामीचं नाव. त्याखाली 'विसावली'. त्याखाली '१९ डिसेंबर'. त्याखाली 'तिच्यासाठी विनंती करा'. मुलांनी जन्मतारखेचा विषय काढला, मामा म्हणाले वाढदिवसाला ती कधी केकसुद्धा खायची नाही. फोटोचा विषय निघालाच नाही.

संध्याकाळी पाथरवटाचा फोन. मामांनी स्पीकरवर टाकला.

"सर, साल राहिलं."

"राहू दे."

"बरं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात ते ९९ कसलं? बाईंचं वय का?"

"वय एकाहत्तर."

"मग ९९?"

"आमेन," मामा म्हणाले.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "बरं सर. दोनच आकडे आहेत, त्याचे वेगळे पैसे लावत नाही."